सामाजिक असुरक्षितता आणि साथीचा प्रादेशिक फैलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथ आली की रोज आकडे येतात. कुठल्या भागात किती रुग्ण, किती मृत्यू. पण एकाच आजारानं एक भाग उद्ध्वस्त होतो आणि पलीकडचा जवळजवळ कोरडा राहतो, हे का, असं विचारणारे थोडेच असतात. जे विचारतात त्यांचे पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात, काहींना जागा लागते.

सामाजिक असुरक्षितता म्हणजे गरिबीचंच दुसरं नाव ना?

गरिबी हा तिचा मोठा भाग आहे, पण सगळा नाही. साथीचा घाला पडल्यावर एखाद्या वस्तीचं किती नुकसान होईल, हे तिथल्या माणसांच्या राहण्या-कमावण्याच्या परिस्थितीवर बरंचसं अवलंबून असतं. त्या परिस्थितीतल्या उणिवांना मिळून सामाजिक असुरक्षितता म्हणतात. तिचे तीन पदर आहेत. लागण होण्याचा संभव किती: एका खोलीत किती जण झोपतात, पाणी कुठून येतं, काम घरी बसून होतं की चारचौघांत जावंच लागतं. लागण झालीच तर शरीर किती झुंजेल: पोषण, वय, आधीचे आजार. आणि आजारपणातून सावरायला हाताशी काय आहे: दवाखाना किती लांब, रजा घेतली तर मजुरी बुडते का, सरकारी सूचना आपल्याला कळते त्या भाषेत येते का.

म्हणून चांगलं पेन्शन असलेली, पण एकटी राहणारी आणि जिना उतरू न शकणारी म्हातारी असुरक्षित असू शकते. कमाई बरी असूनही कागदपत्रं नसल्यामुळे रुग्णालयात जायला घाबरणारा परदेशी मजूरही असू शकतो.

सरकारी भाषेत ‘दुर्बल घटक’ हा शब्द रुळला आहे. मला तो खटकतो. दिवसभर ओझी उचलणारा माणूस दुर्बल कसा? त्याच्या भोवतीची व्यवस्था तोकडी आहे आणि मोजायची तीच आहे. पुढची सगळी उत्तरं या समजुतीवर उभी आहेत.

ही कल्पना कोविडनंतर आली का?

नाही. 1848 मध्ये अप्पर सायलेशिया या प्रशियाच्या (तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या) ताब्यातल्या प्रदेशात टायफस या उवांमधून पसरणाऱ्या तापाची साथ पसरली. सरकारनं पाहणीसाठी रुडॉल्फ विर्शो या 26 वर्षांच्या डॉक्टरला पाठवलं. त्यानं अहवालात औषधांपेक्षा जास्त जागा उपासमार, अज्ञान आणि राज्यकारभार यांना दिली. तिथल्या पोलिश बोलणाऱ्या लोकांना त्यांच्या भाषेत शिक्षण द्या, कारभारात वाटा द्या, रस्ते बांधा, कराचा बोजा गरिबांवरून हलवा, असं त्यानं सुचवलं. त्या काळी टायफसचा जंतू कोणाला ठाऊकही नव्हता.

विषाणूला गरीब-श्रीमंत कळत नाही. मग भागाभागांत एवढा फरक कसा पडतो?

विषाणूला कळत नाही हे खरं. पण त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा कोणाच्या दारात किती रुंद आहेत, हे माणसांनी ठरवलेलं असतं. तीन उदाहरणं देतो. तिन्हींत जंतू तोच आहे.

1892 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलरा आला आणि काही आठवड्यांत सुमारे 8,600 माणसं गेली. हॅम्बुर्गला लागूनच अल्टोना हे वेगळा कारभार असलेलं शहर होतं. दोन्ही शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत. उलट अल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला होतं, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्याच्या वाट्याला यायचं. पण अल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून गाळून पुरवत असे आणि हॅम्बुर्गनं तो खर्च वर्षानुवर्षं लांबवला होता. अल्टोना जवळजवळ वाचलं. सीमेवर असे रस्ते होते की एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या बाजूला काही नाही. हवा, माती, लोक सगळं सारखं. नळ तेवढा वेगळा. आणि हॅम्बुर्गच्या आतही कमी उत्पन्नाच्या घरांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

दुसरं उदाहरण डेंग्यूचं. अमेरिकेतलं लरेडो आणि मेक्सिकोतलं नुएव्हो लरेडो ही रिओ ग्रांदे नदीच्या दोन काठांवरची जोडशहरं. 1999 मध्ये तिथे डेंग्यू पसरला तेव्हा दोन्हीकडे घरोघर पाहणी आणि रक्ततपासणी झाली. डेंग्यूचे डास लरेडोत जास्त सापडले. पण अलीकडच्या लागणीच्या खुणा नुएव्हो लरेडोत 16 टक्के लोकांच्या रक्तात होत्या आणि लरेडोत 1.3 टक्के. लरेडोतली घरं बंदिस्त आणि वातानुकूलित होती, पलीकडे दारं-खिडक्या उघड्या ठेवून राहावं लागत होतं. डास जास्त असूनही माणसापर्यंत पोहोचत नव्हता.

तिसरं उदाहरण ऐकताना जीव कासावीस होतो. 1918 च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरातल्या युरोपियनांचा मृत्युदर हजारी 8 च्या आसपास होता. सरकारी नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हटलं गेलं, त्यांचा हजारी 60 हून अधिक. शहर तेच, महिने तेच. त्याच साथीत देशादेशांतल्या मृत्युप्रमाणात 30 पटींहून जास्त फरक असल्याचं पुढे अभ्यासकांनी दाखवलं आणि त्यातल्या मोठ्या भागाचा दुवा दरडोई उत्पन्नाशी लागला.

पण कोविड तर विमानातून, श्रीमंतांबरोबर आला. मग असुरक्षित वस्त्यांचा संबंध काय?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरात वेळेचं महत्त्व दडलेलं आहे. नवा आजार बहुतेक वेळा प्रवास करणाऱ्यांबरोबर येतो. तो आधी विमानतळांच्या, बंदरांच्या, मोठ्या बाजारपेठांच्या शहरांत उतरतो. पहिल्या काही आठवड्यांचा नकाशा काढला तर सुखवस्तू भागच लाल दिसतात. मग ज्यांना घरी बसणं परवडतं ते घरी बसतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यात आजार फिरत राहतो. नकाशा पालटतो.

फैलावाची वाट दळणवळणाच्या साधनांप्रमाणे बदलते. अमेरिकेत 1832 मध्ये कॉलरा आला तेव्हा तो नद्या आणि कालव्यांच्या काठानं, जवळच्या गावातून त्यापुढच्या गावात असा सरकला. 1866 पर्यंत रेल्वेचं जाळं विणलं गेलं होतं. तेव्हा तो एका मोठ्या शहरातून दूरच्या दुसऱ्या मोठ्या शहरात उडी मारत गेला आणि मधली लहान गावं मागाहून गाठली. जेराल्ड पाइल या भूगोलाच्या अभ्यासकानं 1969 मध्ये हे मांडून दाखवलं.

म्हणून कोणी ‘असुरक्षिततेचा आणि रुग्णसंख्येचा संबंध नाही’ असं म्हणालं, तर पहिल्यांदा विचारावं, आकडे कुठल्या महिन्याचे आहेत?

दाट लोकवस्ती हेच खरं कारण नाही का?

घनता आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात ही घनता. एका छताखाली, एका नळावर, एका संडासात किती माणसं ही दाटी. उंच इमारतींच्या भागात घनता प्रचंड असू शकते, तरी प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं दार आणि स्वतःचा नळ असतो.

जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत प्रतिपिंडांचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या लागणीच्या खुणा मिळाल्या, झोपडपट्टीबाहेर 16 टक्के. प्रभाग तेच होते. सार्वजनिक संडास वापरावा लागणं आणि घरात अंतर ठेवायला जागाच नसणं हे यामागचं कारण असावं, असं सर्वेक्षण करणाऱ्यांनीही म्हटलं.

सिंगापूरचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. श्रीमंत देश, उत्तम आरोग्ययंत्रणा, 2020 च्या सुरुवातीला जगभर कौतुक. एप्रिलमध्ये परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथ भडकली. तिथे तीन लाखांहून जास्त मजूर राहत होते, एकेका खोलीत दहा-बारा ते वीस जण. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनंच सांगितलं की वसतिगृहांतल्या सुमारे 47 टक्के मजुरांना लागण होऊन गेली होती. उरलेल्या शहरात प्रमाण अगदी नगण्य होतं. साऱ्या देशाची सरासरी काढली असती तर सिंगापूर कुठल्याही निर्देशांकात सुरक्षितच दिसलं असतं.

असुरक्षितता आकड्यात कशी बसवतात?

सर्वांत जास्त वापरला जाणारा नमुना अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा सामाजिक असुरक्षितता निर्देशांक. त्यात जनगणनेतले 16 घटक चार गटांत घेतात. पहिल्या गटात उत्पन्न, बेरोजगारी, शिक्षण, विमा अशा आर्थिक बाबी. दुसऱ्यात कुटुंबाची घडण: वृद्ध, मुलं, अपंगत्व, एकट्या पालकाचं घर, भाषेची अडचण. तिसऱ्यात वांशिक अल्पसंख्याक. चौथ्यात घराचा प्रकार, घरातली गर्दी, वाहन नसणं. प्रत्येक घटकावर सगळ्या भागांची क्रमवारी लावतात, क्रमांकांची बेरीज करतात आणि शेवटी प्रत्येक भागाला 0 ते 1 यांच्यामधला आकडा मिळतो. आकडा 1 च्या जितका जवळ, तितकी असुरक्षितता जास्त.

गणित साधं आहे आणि तेच त्याचं बळ. गावपातळीवरचा माणूसही ते समजू शकतो. पण हा निर्देशांक मुळात पूर, वादळं अशा आपत्तींसाठी घडवला गेला. पुरात वाहन नसणं जीवघेणं ठरतं. कॉलऱ्यात पिण्याचं पाणी कुठून येतं ते पाहावं लागतं आणि हा घटक त्या सोळांत नाही. क्षयात पोषण आणि खोलीतली खेळती हवा, डेंग्यूत पाणी साठवून ठेवण्याची सक्ती, कोविडमध्ये कामाचं स्वरूप. तयार निर्देशांक जसाच्या तसा उचलून कुठल्याही आजारावर लावला की निष्कर्ष भलतीकडेच जातो, आणि दुर्दैवानं असं वारंवार होतं. आधी आजार कसा पसरतो ते लिहून काढावं, मग घटक निवडावेत.

निर्देशांकात जास्त असुरक्षित दिसणाऱ्या भागात रुग्ण कमी कसे?

याची तीन-चार कारणं असू शकतात आणि सगळी तपासल्याशिवाय ‘तिथे सगळं ठीक आहे’ म्हणू नये.

पहिली शंका तपासण्यांवर घ्यावी. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे रुग्ण नोंदलाच जात नाही. ज्या भागात तपासणीला जाण्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, तिथले लोक ताप अंगावर काढतात. म्हणून रुग्णसंख्येबरोबर दर हजारी तपासण्या आणि तपासण्यांपैकी किती बाधित निघाले, हे दोन आकडे मागावेत. थोड्या तपासण्यांत बाधितांचं प्रमाण मोठं निघत असेल तर साथ आहे, फक्त दिसत नाही. तपासण्याच होत नसतील तर मृत्यू पाहावेत: त्याच महिन्यांत मागच्या वर्षांच्या मानानं किती जादा मृत्यू झाले. अर्थात जिथे मृत्यूचीही नोंद होत नाही तिथे हाही आधार सुटतो, आणि नोंद न होणारे भाग बहुधा सर्वांत असुरक्षितच असतात.

दुसरं, वय. तरुण लोकसंख्येच्या भागात काही आजारांनी मृत्यू कमी होतात. वयाचा हिशेब न करता दोन भागांची तुलना करणं चूक आहे.

तिसरं, साथ अजून तिथे पोहोचलेलीच नसेल. आडवळणाच्या भागाला दूर असण्याचं संरक्षण काही काळ मिळतं. पण एकदा आजार शिरला की तेच दूर असणं घात करतं, कारण रुग्णालयही तितकंच दूर असतं.

आणि कधी कधी तिथल्या लोकांनी, आरोग्यसेविकांनी, स्थानिक संघटनांनी खरोखर उत्तम काम केलेलं असतं. निर्देशांकात उणिवा मोजल्या जातात, एकमेकांना धरून राहण्याची ताकद क्वचितच मोजली जाते.

जिल्ह्याचा नकाशा पाहावा, तालुक्याचा की वस्तीचा?

जितका लहान भाग घेता येईल तितका घ्यावा. यामागचं गणित गोवराच्या उदाहरणानं पाहू. लस नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना लागण देतो. साथ रोखायला साधारण 95 टक्के मुलांचं लसीकरण लागतं. समजा, एका तालुक्यात 20 गावं आहेत आणि प्रत्येकात मुलांची संख्या सारखीच. 18 गावांत शंभर टक्के लसीकरण झालं, दोन गावांत 50 टक्केच. तालुक्याची सरासरी बरोबर 95 टक्के येते. अहवालात उद्दिष्ट पूर्ण. त्या दोन गावांत मात्र निम्मी मुलं उघडी पडलेली आहेत आणि गोवर शिरला तर तिथे वणवा पेटेल.

सीमा कुठे आखल्या यावरही चित्र बदलतं. तीच घरं, तेच रुग्ण. प्रभागांच्या रेषा वेगळ्या आखल्या तर लाल भाग फिका होतो आणि फिका लाल. म्हणून गंभीर अभ्यासात दोन-तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तेच गणित करून पाहतात. निष्कर्ष टिकला तरच त्यावर भिस्त ठेवावी.

फार लहान भाग घेतला की दुसरी अडचण येते. पन्नास घरांच्या वाडीत दोन मृत्यू झाले तरी दर आभाळाला भिडतो. अशा वेळी आजूबाजूच्या भागांचा आधार घेऊन दर सावरून घेण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आहेत.

असुरक्षित भागात राहणाऱ्या प्रत्येकाला धोका जास्त असतो, असं म्हणता येईल?

नाही. भागाची सरासरी म्हणजे त्यातल्या प्रत्येक माणसाचं वर्णन नाही. 1950 मध्ये विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञानं आकड्यांनी दाखवून दिलं की प्रदेशांच्या पातळीवर दिसणारा संबंध माणसांच्या पातळीवर पार उलटाही असू शकतो. त्यामुळे पत्ता पाहून माणसाला विमा नाकारणं, नोकरी नाकारणं हे अन्यायाचं तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही.

शेजारचा भाग असुरक्षित असला तर आमच्या भागाला काय फरक पडतो?

खूप पडतो. माणसं रोज कामाला, बाजाराला, नात्यागोत्यात सीमा ओलांडतात. दोन भागांमधली ये-जा साधारणपणे त्यांच्या लोकसंख्येनुसार वाढते आणि अंतरानुसार घटते. फैलावाची पुष्कळ गणितं या साध्या तत्त्वावर चालतात. शेजारी-शेजारी भागांचे दर एकमेकांसारखे आहेत का हे पाहण्यासाठी 1950 मध्ये पॅट्रिक मोरान यांनी सुचवलेला निर्देशांक आजही वापरतात. तो धन, म्हणजे शून्याहून जास्त, आणि मोठा आला तर समजावं की आजार गठ्ठ्यागठ्ठ्यानं बसला आहे आणि एकट्या तालुक्यापुरता उपाय पुरणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलानं हे फार निर्दयपणे शिकवलं. डिसेंबर 2013 मध्ये गिनीच्या गेकेडू भागातल्या एका लहान मुलापासून ती साथ सुरू झाल्याचं मानतात. हा जंगलाळ भाग सिएरा लिओन आणि लायबेरिया यांच्या सीमांना खेटून आहे. तिन्ही देश यादवी आणि अस्थिरतेतून गेलेले, आरोग्यसेवा मोडकळीला आलेली. सीमा नकाशावर होत्या. नाती आणि बाजार सीमेच्या दोन्हीकडे होते. आजाराचं निदान व्हायला मार्च 2014 उजाडलं, तोवर तो तीन देशांत हातपाय पसरत होता. पुढे 28,600 हून जास्त रुग्ण आणि 11,300 हून जास्त मृत्यू नोंदले गेले.

संबंध दिसतो हे मान्य. पण गरिबी किंवा कुपोषण हे खरंच कारण आहे, याचा पुरावा काय?

नकाशावरचा संबंध एवढंच सांगतो की दोन गोष्टी एकत्र आढळतात. कारण सिद्ध करायला एक गोष्ट बदलून पाहावी लागते. बहुतेक वेळा ते शक्य नसतं. क्षयाच्या बाबतीत ते झारखंडमध्ये झालं.

2019 पासून तिथल्या चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग झाला. फुप्फुसाचा क्षय झालेले 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं त्यात होती. औषधोपचार सगळ्यांना मिळाला आणि सगळ्या रुग्णांना पोषक शिधाही मिळाला. फरक एवढाच ठेवला की चिठ्ठ्या टाकाव्यात तसे भाग निवडून निम्म्या भागांत घरातल्या इतरांनाही दरमहा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होतं. थुंकीच्या तपासणीत पक्क्या ठरणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात ही घट 48 टक्के होती.

त्या घरांची खोली तीच राहिली, खोकणारा माणूस तोच, जंतू तोच. ताटात भर पडली आणि आजार कमी झाला. असुरक्षिततेचा पदर उलगडून दुरुस्त करता येतो, याचा याहून स्वच्छ पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

मग साथ आली की त्या वस्तीची नाकाबंदी केली तर?

आजार बाहेरून येत असताना वेशीवर थांबवणं आणि आजारासह माणसं आत कोंडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्याचं उदाहरण सामोआ बेटांचं. नोव्हेंबर 1918 मध्ये तालुने नावाचं जहाज इन्फ्लुएंझाचे रुग्ण घेऊन पश्चिम सामोआत आलं. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या तिथल्या प्रशासनानं ते अडवलं नाही आणि लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसं दगावली. जवळच्याच अमेरिकन सामोआनं जहाजांवर कडक अलगीकरण लादलं. तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही.

दुसऱ्याचं उदाहरण ऑगस्ट 2014 मधलं. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया, तिथली वेस्ट पॉइंट ही समुद्राकाठची झोपडपट्टी. इबोलाच्या भीतीनं एका रात्रीत सैनिक आणि काटेरी तारा लावून हजारो लोक कोंडले गेले. अन्नधान्य महागलं, लोक तारांवर धावून आले, गोळीबारात एक कोवळा मुलगा गेला. दहा दिवसांत नाकाबंदी उठवावी लागली. पुढे आटोक्यात आणण्याचं काम झालं ते स्थानिक लोकांनी घरोघर जाऊन, आजाऱ्यांची खबर ठेवून आणि सुरक्षित दफनाला कुटुंबांची समजूत घालून.

हातावर पोट असलेल्या माणसाला घरात थांबायला सांगायचं तर त्या दिवसांची मजुरी आणि शिधा घरपोच द्यावा लागतो. ही दया नाही, साथ थांबवण्याच्या खर्चाचा तो भाग आहे.

असे नकाशे प्रसिद्ध केल्यानं वस्त्या बदनाम होत नाहीत का?

होतात, आणि ही चिंता खरी आहे. ‘लाल’ ठरलेल्या वस्तीतल्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणून सांगतात. माझं मत असं की घरपातळीची माहिती यंत्रणेबाहेर जाऊ नये. लोकांसमोर नकाशा ठेवायचा तर त्यावर रुग्णांचे ठिपके नकोत, सेवांमधल्या त्रुटी दाखवाव्यात: कुठे पाणी नाही, कुठे दवाखाना नाही, कुठे लस पोहोचली नाही. मग नकाशा पाहणारा जाब यंत्रणेला विचारेल, वस्तीला नाही.

असुरक्षिततेचा नकाशा वापरून खरोखर कुठे यश मिळालं आहे?

भारतातल्या पोलिओचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. देशभर कोट्यवधी डोस देऊनही उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये विषाणू टिकून होता. बारकाईनं पाहिल्यावर कळलं की तो पुन्हा पुन्हा त्याच 107 विकास गटांतून डोकं वर काढतो आहे. 2009 मध्ये त्या गटांसाठी वेगळी योजना आखली गेली. तिथे नुसते डोस वाढवले नाहीत. घाणेरडं पाणी आणि सततच्या जुलाबांमुळे तोंडावाटे दिलेली लस मुलांच्या आतड्यात नीट लागू पडत नव्हती. म्हणून स्वच्छता, सुरक्षित पाणी, स्तनपान, जुलाबावर जलसंजीवनी आणि झिंक हेही त्याच कामात आणलं.

दुसरीकडे, कुठल्याच यादीत नसलेली मुलं शोधली गेली. वीटभट्ट्यांवरची, बांधकामांवरची, भटक्या कुटुंबांची. कुठल्या गावची म्हणून त्यांची गणती व्हावी, हाच प्रश्न होता. ती सगळ्यांच्या नकाशांच्या फटीतून निसटत होती. कोसी नदीच्या पुरात वेढल्या जाणाऱ्या वस्त्यांपर्यंत लस पोहोचवायची वेगळी व्यवस्था केली. देशातला अखेरचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

निर्देशांक किती दिवसांनी नवा करावा?

जनगणनेच्या आकड्यांवर बांधलेला निर्देशांक काही वर्षांत शिळा होतो. वस्त्या उठतात, कारखाने बंद पडतात, पुरानं माणसं विस्थापित होतात. मधल्या काळात शिधावाटप, लसीकरण, शाळेची पटसंख्या अशा चालू नोंदींवरून तो ताजा ठेवता येतो.

आमच्या भागासाठी काम सुरू करायचं आहे. पहिल्यांदा काय करावं?

संगणक नंतर. आधी त्या भागातल्या आरोग्यसेविकेबरोबर दोन दिवस फिरावं आणि तिला विचारावं, मागच्या साथीत तुला सगळ्यात उशिरा कोण सापडलं? ती ज्या घरांची नावं घेईल ती घरं उशिरा का सापडली, याची कारणं लिहावीत. कोणी रात्रपाळीला होतं, कोणाला भाषा येत नव्हती, कोणी भाड्याच्या खोलीतून हाकलून देतील म्हणून ताप लपवला. हीच कारणं तुमच्या निर्देशांकाचे घटक. मग त्यांतल्या कुठल्या कारणाचा आकडा कुठल्या नोंदीतून मिळेल ते शोधावं, आणि ज्याचा मिळत नाही त्यासाठी स्वतः मोजणी करावी.

पहिला नकाशा तयार झाला की तो त्याच आरोग्यसेविकेला दाखवावा. ‘हा भाग चुकलाय’ असं ती म्हणाली, तर तिच्याबरोबर पुन्हा तिथे जावं आणि दार वाजवावं.